समुद्राला सातबारा नाही! बंदर, रस्ता, जेट्टी येण्याआधी गावाने आपली जत्रा, कव आणि नावांची वाट कागदावर कशी आणायची?

पालघर : वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झालं. तेव्हापासून डहाणू आणि पालघर तालुक्यातल्या किनारी गावांत कुठेही चहाच्या टपरीवर बसा, दोन प्रश्न हमखास कानावर येतात. जमीन कुणाची जाणार आणि मोबदला किती मिळणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसरा एक प्रश्न आहे, जो फारसा कुणी विचारत नाही. ज्याची जमीनच नाही, ज्याचं सगळं पाण्यात आहे, त्याचं काय?

समुद्राला सातबारा नाही. डोल जाळं लावायची कव कुणाच्या नावावर आहे, असं तलाठ्याला विचारलं तर तो काय दाखवणार? बोंबील सुकवायच्या वलांड्या ज्या वाळूवर पिढ्यान् पिढ्या उभ्या राहतात, ती वाळू सरकारी. नारळी पौर्णिमेला पालखी ज्या वाटेने दर्यावर जाते, ती वाट गावनकाशावर बहुतेक नसतेच. लग्नात धवळे गाणारी धवलारीण तर कुठल्याच रजिस्टरात नाही. प्रकल्पाचा अहवाल बनवायला येणारी कंपनी कागद बघते. कागदावर नाही ते तिच्या लेखी नाही. म्हणून हा लेख.

किल्ल्याला पाटी आहे, दर्याला नाही

वारसा म्हटलं की आपल्याला किल्ला, लेणी, जुनं देऊळ आठवतं. वसईचा किल्ला बघा. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, आणि १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणे संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. दगडाला एवढं संरक्षण. पण त्याच तालुक्यातल्या कोळीवाड्यात नारळ ज्या जागी दर्यात सोडतात, त्या जागेभोवती एक फूटही राखलेला नाही.

जी परंपरा माणसं आजही जगतात, करतात, पुढच्या पिढीला शिकवतात, तिला 'जिवंत वारसा' म्हणतात. सरकारी भाषेत 'अमूर्त सांस्कृतिक वारसा'. युनेस्कोने २००३ साली याचा आंतरराष्ट्रीय करार केला आणि भारताने २००५ मध्ये तो मान्य केला. त्यात सण, विधी, गाणी, नाच, हस्तकला तर येतातच, पण निसर्गाबद्दलचं ज्ञानही येतं. म्हणजे उधाणाची भरती कधी, भांगाची कधी, कुठल्या वाऱ्याला कुठलं म्हावरं मिळतं, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा कुठे सरकलाय, हे आपल्या तांडेलाच्या डोक्यात जे आहे ते सगळं. मांगेला, वैती, कोळी, भंडारी, माच्छी यांचं दर्याशी नातं, वारल्यांचा तारपा, लग्नातला चौक लिहिणाऱ्या सवाशिणी, डहाणूच्या महालक्ष्मीची चैत्रातली यात्रा हे सगळं यातच बसतं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. करार मान्य केला तरी आपल्या देशात जिवंत वारशाचं रक्षण करणारा असा एकच स्वतंत्र कायदा नाही. रक्षण तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं आहे. थोडं पर्यावरणाच्या नियमांत, थोडं भूसंपादनात, थोडं पेसात. ते तुकडे गोळा करून वापरायचे असतात. कुणी घरी आणून देत नाही.

डहाणूची गोष्ट थोडक्यात

नव्या पोरांना कदाचित माहीत नसेल. केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणला येऊ घातलेलं बंदर नाकारलं होतं. न्यायमूर्ती धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटी घालून ना हरकत दिली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, विषय पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी. भागीदारी जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाची ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाची २६ टक्के.

बंदर किनाऱ्यावर नाही, समुद्रात भराव टाकून होणार आहे. भराव १,४४८ हेक्टरचा, लाटा अडवणारी भिंत दहा किलोमीटरहून थोडी जास्त. सरकार म्हणतं, गाव उठणार नाही, लाखो रोजगार मिळतील. विरोध करणारे म्हणतात, गाव उठलं नाही तरी दर्या उठला की गावात उरणार काय? दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं आपल्याच गावातली आहेत, काही ठिकाणी एकाच घरातली. बंदर व्हावं की नाही, हा या लेखाचा विषय नाही. विषय एवढाच, की व्हायचंच असेल तर काय राखलं पाहिजे हे आधी कुणी आणि कसं लिहून द्यायचं.

आणि फक्त वाढवणच नव्हे. छोटी कामं जास्त गुपचूप नुकसान करतात. धूपप्रतिबंधक बंधाराच घ्या. समुद्र घरात शिरतो म्हणून गावच मागणी करतं, दगड पडतात, घरं वाचतात. पण त्याच दगडांखाली नावा ओढायची आणि मासळी सुकवायची वाळू गेली की बायकांनी बोंबील कुठे घालायचे? आराखडा करणाऱ्या इंजिनीअरला ही वाळू मोकळी दिसते. मे महिन्यात येऊन बघितली असती तर दिसलं असतं ती किती भरलेली असते ते. बंधाऱ्यात दोन ठिकाणी नावांसाठी उतार ठेवला असता तर फारसा खर्च वाढला नसता. फक्त ते आराखडा कागदावर असतानाच सांगायला हवं होतं.

वरळीचे साठ मीटर आणि एकशेवीस मीटर

मुंबईच्या वरळी कोळीवाड्याची गोष्ट प्रत्येक किनारी गावाने नीट समजून घेण्यासारखी आहे. तिथे सागरी किनारा रस्ता वांद्रे-वरळी सेतूला जोडायचा होता. जोडणारा पूल नेमका कोळीवाड्याच्या नावा समुद्रात जायच्या वाटेवर, क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी आला. मूळ आराखड्यात पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. पालिकेचं म्हणणं, नाव काही मीटर रुंद, तिला ६० मीटर भरपूर झाले.

नाव कधी चालवली नसेल त्याला हे पटेल. पण उधाणाचा दिवस असावा, वारा आडवा सुटलेला, पाण्याची ओढ खांबाकडे, आणि समोरून दुसरी नाव येत असावी. मग साठ मीटर किती उरतात ते तांडेलाला विचारा. वरळीच्या मच्छिमारांनी २०० मीटर मागितले, नंतर १६० वर आले. निवेदनं दिली, समुद्रातलं काम अडवून धरलं, बैठकांवर बैठका झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर ठरले. एक खांब आराखड्यातून वगळावा लागला.

मागितलं तेवढं मिळालं नाही, हे खरं. काम सुरू झाल्यावर भांडावं लागलं, दिवस बुडाले, हेही खरं. पण यातली मेख लक्षात घ्या. 'आमची संस्कृती बुडते आहे' हे वाक्य इंजिनीअरच्या नकाशात कुठेच काढता येत नाही. 'या दोन खांबांत इतके मीटर मोकळे ठेवा' हे काढता येतं. वरळीकरांनी मीटरमध्ये मागितलं म्हणून मीटरमध्ये मिळालं.

उलट उदाहरण उरणचं. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्यासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याची माणसं हनुमान कोळीवाडा म्हणून दुसरीकडे वसवली गेली. तिथे घरांना वाळवी लागली आणि पुन्हा पुनर्वसन करा म्हणून पुढच्या पिढीलाही लढावं लागलं. त्याच खाडीतल्या पारंपरिक मच्छिमारांनी बंदराच्या पुढच्या कामांमुळे मासेमारी गेली म्हणून राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. ते प्रकरणही पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. हक्क आहे असं लवादाने म्हटलं, पण कधी? खाडी भरून झाल्यावर.

मग हातात काय आहे?

पहिलं, पेसा. डहाणू तालुका पाचव्या अनुसूचीत येतो. १९९६ च्या पेसा कायद्याचं कलम ४(ड) सांगतं की ग्रामसभा आपल्या लोकांच्या परंपरा, रूढी, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपायला सक्षम आहे. हे वाक्य आपल्या ठरावात जसंच्या तसं घालता येतं. त्याच कायद्यात भूसंपादनाआधी ग्रामसभा किंवा पंचायतीशी सल्लामसलत करायची तरतूद आहे. मात्र सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे. हा फरक कुणी सभेत सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण भाषणात नेहमी येतं. तिथे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये डोंगराच्या देवाचा प्रश्न ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. पण तो निकाल वनहक्क कायद्यावर उभा होता, जमीन जंगलाची होती. समुद्रात भराव टाकताना तो तसाच लागू होईल असं धरून बसू नका. रस्ता किंवा रेल्वे वनजमिनीतून जात असेल, आणि तिथे वाघदेवाचं ठाणं किंवा देवराई असेल, तर मात्र तो धागा पकडण्यासारखा आहे.

दुसरं, २०१३ चा भूसंपादन कायदा. यात 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. संपादनाच्या आधी तीन वर्षं ज्याचं पोट पाण्यावर आहे आणि संपादनामुळे ते बुडणार आहे, असा मच्छिमार आणि नावाडीही त्यात येतो. सामाजिक परिणामाच्या अभ्यासात पूजास्थळं, स्मशानभूमी, दफनभूमी, आदिवासींच्या पारंपरिक संस्थांची जागा यांचा विचार करावाच लागतो. ऐकायला छान. पण राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे त्यांच्या वेगळ्या कायद्याने जमीन घेतात, आणि त्यांना हा सामाजिक अभ्यास लागू नाही. मोबदल्याचे नियम लागू, अभ्यास नाही. म्हणजे बंदराकडे जाणाऱ्या महामार्गात यात्रेची वाट कापली जात असेल, तर ते आपणहून शोधायला कुणी येणार नाही. तुम्हालाच लिहून द्यावं लागेल.

तिसरं, किनारा नियमन, म्हणजे आपण ज्याला सीआरझेड म्हणतो ते. मच्छिमार गावं, त्यांच्या सामाईक जागा, मासळी सुकवायच्या जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने हे सर्व्हे नंबर दाखवणाऱ्या मोठ्या नकाशांवर दाखवायचं, असं या नियमांत आहे. माझ्या मते सगळ्या कायद्यांत मच्छिमाराच्या सर्वांत कामाची ओळ हीच. आपल्या गावाच्या नकाशावर वलांड्यांची जागा आहे का, हे मोबाईलवर बघता येतं. महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नकाशे असतात. फाईल मोठी असते, वायफायवर उघडा. नसेल जागा, तर हरकत घ्या.

चौथं, जनसुनावणी. पर्यावरण मंजुरीआधी ती होते. वाढवणची जानेवारी २०२४ मध्ये पालघरला झाली. निदान ३० दिवस आधी नोटीस लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत, जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवावा लागतो. सुनावणीचं चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. इथेच आपलं चुकतं. भाषणं झाली, घोषणा झाल्या की लोक टेम्पोत बसून घरी निघतात. इतिवृत्त वाचायच्या वेळी मंडप रिकामा. तुमचा मुद्दा त्यात आला की नाही, हे ऐकायला निदान चार माणसं शेवटपर्यंत थांबली पाहिजेत. आणि सुनावणीला जाता आलं नाही तरी लेखी म्हणणं देता येतं. द्या, आणि पोच घ्या. शिक्का, तारीख, सही असलेली.

काय लिहायचं, काय लिहायचं नाही

आता कामाचं. सुरुवात म्हाताऱ्यांपासून करा. गावात तांडेलकी केलेले, जाळी विणणारे, धवळे येणाऱ्या आजी, तारपा बनवणारे किती उरलेत? तारपा म्हणजे फक्त वाजवणं नव्हे. सुका भोपळा, बांबू, ताडाचं पान, मेण, सगळं जमवून तो बनवणारा हात वेगळा असतो. तो गेला की वाजवणाऱ्याची पंचाईत. त्यांच्याकडून ऐका, मोबाईलवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव त्यांनाच बोलायला सांगा. व्हॉट्सॲपवर टाकलेला व्हिडिओ दाबला जातो, त्याचा दर्जा जातो. मूळ फाईल वेगळी जपा.

मग जागा. पालखीची वाट, विसर्जनाची जागा, दशक्रियेची जागा, नावा ओढायची वाळू, खाडीचं तोंड. फोनमध्ये लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. वर्षातून कधी, किती दिवस, किती माणसं, किती नावा, हे सोबत लिहा. वाढवणच्या समुद्रातलं शंखोदर हे लोकांचं श्रद्धास्थान आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण 'श्रद्धास्थान आहे' एवढंच लिहिलं तर एका ओळीत विषय संपतो. लोक तिथे कधी जातात, कुठल्या भरती-ओहोटीला, कुठल्या वाटेने, किती नावांतून, हे लिहिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

ठरावात मागणीही तशीच हवी. उदाहरणार्थ : 'आमच्या गावच्या इतक्या नावा खाडीच्या मुखातून भरतीला बाहेर पडतात. बांधकाम सुरू असताना आणि झाल्यावर ही वाट इतके मीटर रुंद व रात्री दिसेल अशा दिव्यांसह मोकळी ठेवावी. नारळी पौर्णिमेच्या आणि यात्रेच्या दिवसांत या भागातलं काम बंद ठेवावं.' आकडे तुमचे, मोजून घातलेले. अंदाजपंचे घातलेला एक आकडा खोटा निघाला की बाकीच्या नऊ खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात असते आणि समितीत कोण आहे हे समितीलाच माहीत नसतं. ती बाहेर काढा. मासळीच्या जाती, विणीच्या जागा, तिवरांतली चिंबोरी, औषधी वनस्पती, त्याबद्दलचं जुनं ज्ञान त्यात नोंदवता येतं. सरकारी नोंद आहे ती, उद्या पुरावा म्हणून दाखवता येते.

पण सगळंच उघड करू नका. हे महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबून वाचा. आपल्याकडे कवींवरून गावागावांत किती वाद झालेत ते सांगायला नको. मासळीच्या नेमक्या जागेचं लोकेशन ग्रुपवर फिरलं, तर ते आधी पर्ससीनवाल्याकडे पोचेल, अधिकाऱ्याकडे नंतर. सरकारला भाग दाखवा, इथून तिथपर्यंत. नेमका बिंदू गावाच्या सोसायटीकडेच बंद पाकिटात राहू द्या. तसंच विधींचं. काही गोष्टी भगतानेच बोलायच्या, काही बाहेरच्याने बघायच्याही नाहीत. 'इथे आमचा विधी होतो, चित्रीकरणाला समाजाची परवानगी नाही' एवढी नोंदही पुरते. वारशाची नोंद ज्यांचा वारसा आहे त्यांच्या मर्जीने व्हावी, हे युनेस्कोच्या करारातही आहे.

अजून एक. प्रकल्पवाले कधीकधी 'सांस्कृतिक भवन बांधून देतो' म्हणतात. उद्घाटनाला तारपा नाच, कोळीगीत, पाहुण्यांना वारली चित्राची फ्रेम. भवनाला नाही म्हणायचं कारण नाही, लग्नाला उपयोगी पडतं. पण भवन हे नावांच्या वाटेच्या बदल्यात आलेलं नाही ना, हे सरपंचांनी सही करायच्या आधी बघावं. कोळीगीत स्टेजवर गायचं आणि दर्यात जायची सोय नाही, असं व्हायला नको.

मंजुरी मिळून गेली असेल तर?

तरीही दार पूर्ण बंद होत नाही. पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे ३० दिवसांत जाता येतं, योग्य कारण असेल तर आणखी ६० दिवसांची सवलत मिळू शकते. ती मुदत गेली असेल तर अटींकडे वळा. प्रत्येक मंजुरीपत्रात अटींची यादी असते. मच्छिमारांबद्दलची अट कोणती, पैसा किती ठेवलाय, कुणाशी चर्चा करायची आहे, हे त्या पत्रात लिहिलेलं असतं. आणि त्या अटी पाळल्या का, याचा अहवाल प्रकल्पवाल्यांनी वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. हा अहवाल सार्वजनिक असतो.

१ जूनपासून आपल्याकडे मासेमारी बंदी लागते. नावा शाकारलेल्या असतात, माणसं घरी असतात. त्या आठवड्यात सोसायटीच्या ऑफिसात बसून मंजुरीपत्र आणि अहवाल शेजारी-शेजारी ठेवा. गावातला कॉलेजला जाणारा एखादा पोरगा किंवा पोरगी वाचून दाखवेल. जी अट पाळलेली दिसत नाही तिच्यासमोर खूण करा, तिथला फोटो जोडा, आणि पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या विभागीय कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना एकच पत्र दोन प्रतींत पाठवा. पोच मात्र दोन्हीकडून घ्या.